आणीबाणीत प्रथम पोहोचणारे हात

रुग्णालयात रात्रीच्या वेळी एखाद्या रुग्णाचे हृदय अकस्मात बंद पडते, तेव्हा त्याच्या खाटेपाशी प्रथम पोहोचते ती बहुधा परिचारिका. प्राणवायूविना मेंदूला चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरून येईपर्यंत ही मुदत सरूनही जाते. म्हणून त्या घडीला परिचारिकेला काय येते आणि काय करण्याची तिला मुभा आहे, यावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

ही मुभा तिला सहजासहजी मिळालेली नाही. छाती न उघडता, केवळ हातांनी दाबून बंद हृदयातून रक्त वाहते ठेवता येते, हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स संस्थेच्या संशोधकांनी १९६० साली दाखवून दिले. तरीही हृदयाला विजेचा धक्का देणे हे डॉक्टरांचेच काम मानले जाई. फिलाडेल्फिया येथील डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर यांनी हृदयरोग कक्षातील परिचारिकांना हृदयाचा आलेख वाचण्यास आणि डॉक्टरांची वाट न पाहता धक्का देण्यास शिकविले. १९६५ साली परिचारिकांसाठी त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सहलेखकांत रोझ पिनिओ ही परिचारिका होती.

पण सराव कोणावर करावा? ही अडचण एका खेळण्यांच्या कारखानदाराने सोडविली. नॉर्वेतील स्टाव्हँगर येथील आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये माणसाएवढी बाहुली बनविली. तशा बाहुल्यांवर आजही जगभर प्रशिक्षण चालते.

प्रौढाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब किमान ५ सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर २ श्वास, हे नियम पाठ करणे अवघड नाही. घाबरलेल्या क्षणी ते हातांना आठवावे लागतात. सराव सुटला की हे कौशल्य काही महिन्यांतच ओसरते. अपघातातील अनेक जखमी एकाच वेळी आले, तर ओरडणाऱ्याआधी निपचित पडलेल्याकडे धावावे, हा विवेकही शिकूनच येतो.

भारतीय परिचर्या परिषदेने आणीबाणी व आपत्ती परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आखला आहे. परंतु परिचारिका शिकावयास गेली, की तिच्या जागी दुसरी नेमावी लागते. लहान रुग्णालयांना हा खर्च जड जातो.

यंत्रांसाठी दाते पुढे येतात, त्यांची नावे फलकावर कोरली जातात. या खर्चाला मात्र फलक नसतो. व्यापाऱ्याला हे सांगावयास नको, की चालविणारा नसेल तर यंत्र म्हणजे अडकून पडलेले भांडवल होय. रुग्णालयास यंत्र देताना परिचारिकांच्या दरवर्षीच्या सरावाचा भारही कुटुंबाने उचलला, तर ते दान नेमक्या त्या चार मिनिटांत कामास येईल.