मागचे डिफरन्शियल आणि त्याची देखभाल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि त्यांच्या पिढीतील इतर डिझेल मालवाहू गाड्या महाराष्ट्रात भाजीपाल्यापासून बांधकामाच्या साहित्यापर्यंत सर्व प्रकारचा माल वाहतात, आणि त्यांतील अनेक गाड्या जुन्या झाल्या तरी एखाद्या कुटुंबाच्या चरितार्थाचा मुख्य आधार असतात. अशा गाडीच्या इंजिनाचे तेल बहुधा वेळेवर बदलले जाते. परंतु मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यभागी असलेल्या फुगीर लोखंडी पेटीकडे, म्हणजे डिफरन्शियलकडे, तेल ठिबकू लागेपर्यंत किंवा आवाज सुरू होईपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा भाग मुळात अत्यंत टिकाऊ असतो, आणि तो अकाली निकामी होतो तेव्हा त्यामागे घडणीतील दोषापेक्षा देखभालीविषयीच्या चुकीच्या समजुतीच अधिक वेळा असतात.

या समजुती तपासण्यापूर्वी रचना समजून घेणे आवश्यक आहे. गिअरबॉक्समधून निघालेली फिरकी प्रोपेलर शाफ्टमार्गे मागे येते आणि पिनियन या लहान दातेरी चाकाद्वारे क्राऊन व्हील या मोठ्या दातेरी चाकाला दिली जाते. येथे फिरकीची दिशा काटकोनात वळते, वेग कमी होतो आणि त्याच प्रमाणात टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. पिनियनला १० आणि क्राऊनला ४१ दाते असतील, तर प्रोपेलर शाफ्टच्या ४.१ फेऱ्यांमागे क्राऊनची एक फेरी होते. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात आणखी काही लहान गिअर असतात. त्यांपैकी अ‍ॅक्सल शाफ्टला जोडलेल्यांना गॅरेजमध्ये ‘सन’ आणि त्यांच्यामध्ये फिरणाऱ्यांना ‘स्टार’ म्हणतात. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, आणि दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्याचे काम हे सन-स्टार करतात.

गैरसमज १ : डिफरन्शियलमध्ये काही जळत नाही, त्यामुळे त्याचे तेल आयुष्यभर पुरते.

वस्तुस्थिती : डिफरन्शियलमध्ये ज्वलन होत नाही हे खरे असले, तरी तेलावर येणारा ताण इंजिनातील ताणापेक्षा वेगळा आणि काही बाबतींत अधिक तीव्र असतो. अशा गाड्यांतील क्राऊन-पिनियन सामान्यतः हायपॉइड प्रकारचे असतात, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राऊनच्या अक्षाच्या रेषेत नसून त्याच्या खाली असतो. या मांडणीमुळे एका वेळी अधिक दाते एकमेकांत गुंततात आणि भार शांतपणे पेलला जातो. मात्र दाते एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली लांबीच्या दिशेने घासत सरकतात. हा दाब साध्या तेलाचा थर फोडू शकतो, म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात, जी उष्णतेत धातूच्या पृष्ठभागावर संरक्षक थर तयार करतात. त्यांना ‘एक्स्ट्रीम प्रेशर’ किंवा ‘ईपी’ घटक म्हणतात, आणि ते वापराबरोबर हळूहळू खर्च होतात. शिवाय इंजिनाला तेलाचा फिल्टर असतो, तर अशा अ‍ॅक्सलमध्ये तो नसतो. झिजेतून सुटलेले धातूचे कण त्याच तेलात फिरत राहतात, आणि ड्रेन प्लगला चुंबक असलाच तर त्यांतले काही त्याला चिकटतात. त्यामुळे तेल बदलण्याचे अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार पाळावे लागते, आणि गाडी सतत पूर्ण भाराने, घाटात किंवा पाण्यातून चालत असेल, तर ते अंतर कमी करावे लागते.

गैरसमज २ : नव्वद नंबरचे तेल इंजिनाच्या चाळीस नंबरच्या तेलापेक्षा दुपटीहून जाड असते, आणि ते गिअरबॉक्समध्ये चालते म्हणून डिफरन्शियलमध्येही चालते.

वस्तुस्थिती : हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. इंजिनाच्या आणि गिअरच्या तेलांसाठी ‘एसएई’ या संस्थेची स्वतंत्र मानके आहेत. १०० अंश सेल्सिअस तापमानाला एसएई ९० गिअर तेलाची चिकटता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते, तर एसएई ४० इंजिन तेलाची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते. म्हणजे गरम अवस्थेत दोन्ही जवळपास सारखीच वाहतात. त्यांतील खरा भेद ईपी घटकांचा आहे, आणि तो नंबरात दिसत नाही, ‘एपीआय जीएल’ या वर्गवारीत दिसतो. जीएल-४ मध्ये हे घटक मध्यम प्रमाणात असतात, तर जीएल-५ हे हायपॉइड दात्यांवरील तीव्र दाब आणि धक्के लक्षात घेऊन बनवलेले असते. जीएल-४ पुरेल असे गृहीत धरून ते हायपॉइड डिफरन्शियलमध्ये भरल्यास दात्यांवर ओरखडे पडू शकतात. उलट, जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ भरल्यास त्यातील पितळी सिंक्रोनायझर रिंगांना, म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या कड्यांना, त्रास होऊ शकतो. म्हणूनच डब्यावरील नंबर आणि जीएल श्रेणी या दोन्ही गोष्टी पुस्तिकेशी ताडून पाहाव्यात.

गैरसमज ३ : तेल जितके अधिक आणि जितके जाड, तितके संरक्षण चांगले.

वस्तुस्थिती : गाडी सपाट जागेवर उभी असताना तेलाची पातळी भरण्याच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत असावी, असा बहुतेक अ‍ॅक्सलचा नियम आहे. गाडीचा एक भाग जॅकवर उचललेला असताना तेल भरल्यास ही पातळी चुकते. पातळी कमी असली, तर क्राऊनने उडवलेले तेल पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. ती अधिक असली, तर तेल घुसळले जाऊन फेसाळते, तापते आणि सीलवर दाब आणते, आणि चाकाकडील सीलमधून सुटलेले तेल थेट ब्रेकच्या लायनरवर जाते. जाडीबाबतही हेच खरे आहे. ८५डब्ल्यू-१४० हे तेल उत्पादकाने उष्ण हवामानासाठी किंवा जड भारासाठी सुचवले असेल तेथे ते योग्यच असते. पण झिजलेल्या दात्यांचा किंवा बेअरिंगचा आवाज दाबण्यासाठी ते भरल्यास झीज थांबत नाही, केवळ इशारा ऐकू येईनासा होतो. जुनी गाडी विकताना डिफरन्शियलमध्ये ग्रीस किंवा लाकडाचा भुसा घालण्याची जी कुप्रसिद्ध युक्ती आहे, ती याच तत्त्वावर चालते, आणि तिचा भुर्दंड पुढच्या मालकाला भरावा लागतो.

गैरसमज ४ : तेल गळते याचा अर्थ सील खराब आहे, आणि सील बदलले की काम झाले.

वस्तुस्थिती : सील हा पुष्कळदा गळतीचा परिणाम भोगणारा भाग असतो. अ‍ॅक्सल चालताना तापते, आतील हवा प्रसरण पावते आणि ती बाहेर जाण्यासाठी अ‍ॅक्सलवर ब्रेदर नावाची लहान वायुवाट ठेवलेली असते. चिखल आणि धूळ बसून ती बुजली की आतला दाब तेलाला सीलच्या ओठांतून बाहेर ढकलतो. अशा गाडीत नवे सील बसवले, तरी काही दिवसांत तेही गळू लागते. हीच वाट पावसाळ्यात दुसऱ्या बाजूने महत्त्वाची ठरते. तापलेले अ‍ॅक्सल ओढ्यातील किंवा पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावरील थंड पाण्यात अचानक बुडाले, तर आतील हवा आकुंचन पावते आणि ब्रेदरमधून वा सीलच्या कडेतून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसू लागणे ही त्याची खूण होय. अशा तेलाचा संरक्षक थर दुबळा होतो आणि बेअरिंगवर गंज चढतो, म्हणून मुदतीची वाट न पाहता ते लगेच बदलणे आवश्यक असते. कोकणात किंवा नदीकाठच्या गावांत चालणाऱ्या गाड्यांचे हे तेल पावसाळा संपताच तपासण्याचा रिवाज ठेवल्यास मोठी हानी टळते.

गैरसमज ५ : मागून आवाज आला म्हणजे क्राऊन-पिनियन गेले.

वस्तुस्थिती : चालकाच्या आसनापर्यंत पोहोचणारा आवाज टायर, चाकाचे बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि डिफरन्शियल यांपैकी कोठूनही येऊ शकतो, आणि हौद्याची लोखंडी पेटी तो वाढवून त्याचा उगम लपवते. त्यामुळे काहीही खोलण्यापूर्वी आवाज केव्हा बदलतो हे पाहावे लागते. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलला, तर संशय टायरवर जातो. गाडी एका बाजूला वळवताना तो वाढला आणि दुसऱ्या बाजूला वळवताना घटला, तर चाकाच्या बेअरिंगवर. गाडी उचलताना किंवा गिअर बदलताना एकच ‘ठक’ असा ठोका आला, तर प्रथम क्रॉसवर. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना येणारा आणि सोडताना बदलणारा, विशिष्ट वेगाला चढणारा सूर मात्र क्राऊन-पिनियनच्या दात्यांकडे किंवा पिनियनच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो, आणि केवळ वळणावरच येणारी खरखर सन-स्टारकडे. काढलेले तेलही साक्ष देते : चुंबकावर राखाडी, मऊ लेपासारखी बारीक भुकटी असणे हे सामान्य झिजेचे लक्षण आहे, तर चकचकीत कपच्या किंवा दात्याचे तुकडे सापडल्यास गाडी न चालवता पेटी खोलणेच योग्य ठरते.

गैरसमज ६ : पिनियनचा नट कसून खेळ काढता येतो, आणि झिजलेला एकटा पिनियन बदलला तरी भागते.

वस्तुस्थिती : पिनियनची दोन बेअरिंगे मोजून दिलेल्या ताणाखाली बसवलेली असतात, आणि या आगाऊ ताणाला प्रीलोड म्हणतात. अनेक अ‍ॅक्सलमध्ये तो एका पातळ धातूच्या नळीने साधला जातो, जी नट आवळताना ठरावीक मर्यादेपर्यंत चेपली जाते आणि एकदा चेपल्यावर पूर्ववत होत नाही. सील बदलताना किंवा गळती थांबवण्यासाठी हा नट अंदाजाने आवळल्यास ती नळी अधिक चेपते, प्रीलोड वाढतो आणि बेअरिंगे तापून लवकर संपतात. क्राऊन आणि पिनियन ही तर कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते. झिजलेल्या क्राऊनसमोर नवा पिनियन बसवल्यास दात्यांचा स्पर्श चुकीच्या जागी पडतो आणि आवाज व झीज दोन्ही वाढतात. नवी जोडी बसवतानाही शिम नावाच्या मोजक्या जाडीच्या पातळ चकत्यांनी पिनियनची खोली ठरवावी लागते, दात्यांतील मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, डायल गेजवर मोजावी लागते आणि दात्यांना रंगीत पेस्ट लावून स्पर्शाची खूण तपासावी लागते. ही मोकळीक हलक्या गाड्यांत बहुधा एक ते दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास असते, आणि एवढे सूक्ष्म अंतर कितीही अनुभवी हाताला अंदाजाने साधत नाही.

गैरसमज ७ : चिखलात डिफरन्शियल सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देते, म्हणून जोरात रेस केल्यास गाडी निघते.

वस्तुस्थिती : साधे, लॉक नसलेले डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ समान टॉर्क देते, अडचण अशी की घसरणारे चाक फारच थोडा टॉर्क पेलते, आणि त्यामुळे पकड असलेल्या चाकालाही तेवढाच मिळतो. रेस वाढवल्याने हा टॉर्क वाढत नाही, फक्त वेग वाढतो. एक चाक स्थिर असेल, तर दुसरे क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरते, आणि एरवी वळणापुरते हळू फिरणारे स्टार गिअर आपल्या पिनवर भन्नाट वेगाने घासतात. पिन होरपळण्याचे आणि सन-स्टार तुटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. घसरणाऱ्या चाकाखाली दगड, फळी किंवा पोते घालून त्याची पकड वाढवणे, म्हणजेच त्याला अधिक टॉर्क पेलायला लावणे, हा यंत्राच्या तत्त्वाला धरून असलेला उपाय होय.

या सर्वांचा देखभालीतील अर्थ सोपा आहे. थोडे अंतर चालवून तेल कोमट केलेली गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना अडण्या लावाव्यात, आणि खाली शिरण्यापूर्वी ती केवळ जॅकवर नव्हे, तर भक्कम स्टँडवर टेकलेली असल्याची खात्री करावी. प्रथम भरण्याचा प्लग सैल होतो हे पाहावे आणि मगच ड्रेन प्लग उघडावा, कारण वरचा प्लग जाम असल्याचे तेल सोडल्यानंतर कळल्यास गाडी जागीच अडकते. चुंबक आणि ब्रेदर स्वच्छ करून, योग्य श्रेणीचे तेल छिद्राच्या काठापर्यंत भरावे. काढलेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. केंद्र सरकारच्या २०१६च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जाणेच योग्य आहे.

एका बदलाला लागणारे तेल आणि अर्ध्या दिवसाची मजुरी यांचा खर्च क्राऊन-पिनियनच्या नव्या जोडीच्या खर्चापुढे नगण्य असतो, आणि त्या दुरुस्तीसाठी गाडी उभी राहिल्याने बुडणारी भाडी तर हिशेबात सहसा धरलीच जात नाहीत. योग्य श्रेणीचे तेल, नेमकी पातळी, मोकळा ब्रेदर आणि खोलण्याआधी केलेले निदान, या चार गोष्टी सांभाळल्या, तर जुन्या पिकअपचे डिफरन्शियल तिच्या इंजिनापेक्षाही अधिक काळ टिकू शकते.