गिऱ्हाईक बघतंय, चावू नको!

गोबऱ्यासारखा, म्हणजे ग्रूपरसारखा शिकारी मासा जबडा वासून उभा असतो आणि बोटभर लांबीचा क्लीनर रास नावाचा मासा बिनधास्त आत शिरतो. हिरड्या टोकरतो, कल्ल्यांखालून बाहेर येतो. निळसर अंग, थोबाडापासून शेपटीपर्यंत रुंदावत जाणारा काळा पट्टा, ही त्याची ओळख. हिंद आणि प्रशांत महासागरांतल्या प्रवाळांवर ठरावीक ठिकाणी त्याचा ठिय्या असतो आणि तिथे माशांची रीघ लागते.

काम साधं: माशांच्या अंगाला चिकटलेले रक्तशोषक परजीवी वेचून खायचे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लिझर्ड बेटाजवळ, संशोधक अलेक्झांड्रा ग्रटर यांना आढळलं की असा एक मासा दिवसाला सुमारे १२०० परजीवी फस्त करतो.

पण खरी गोम पुढेच आहे. या सफाईवाल्याला परजीवींपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो! तो हळूच चावा घेतो, गिऱ्हाईक दचकतं. जवळपास राहणारं असेल तर त्याच्या अंगावर धावून जातं. लांबून आलेलं असेल तर सरळ दुसरा ठिय्या गाठतं. संशोधक रेदुआन बशारी आणि ग्रटर यांनी दाखवून दिलं, की दुसरं गिऱ्हाईक बघत असलं की हा मासा चावे आवरतो. बाजारात मुरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

जोडीनं सफाई चालली असताना मादीनं चावा घेतला तर नर तिच्या मागे लागतो. कारण उघड आहे, चिडलेलं गिऱ्हाईक दोघांच्या हातचं जातं. एका नराच्या इलाख्यात अनेक माद्या असतात आणि त्यांच्यात आकारानुसार उतरंड असते. नर मेला की सगळ्यात थोराड मादी काही तासांतच नराचा रुबाब दाखवू लागते. ग्रेट बॅरिअर रीफवरच्याच हेरॉन बेटावर संशोधक रॉस रॉबर्टसन यांनी १९७२ साली नोंदवल्यानुसार, १४ ते १८ दिवसांत ती शुक्राणूही सोडू शकते.

हे मासे आरशात स्वतःला ओळखतात का, हे बघायला २०१९ मध्ये ओसाकाचे संशोधक मासानोरी कोहदा यांच्या गटानं त्यांच्या गळ्याखाली तपकिरी ठिपका टोचला आणि समोर आरसा ठेवला. आरशात पाहून मासे गळा तळाशी घासू लागले. आरशाची ही कसोटी १९७० मध्ये मांडणारे गॉर्डन गॅलप यांना मात्र मासे स्वतःला ओळखतात हे पटलं नाही. मग कोहदा यांच्या गटानं आणखी मासे तपासले. एकूण १८ पैकी १७ माशांनी गळा घासला. ठिपका निळा किंवा हिरवा असला, तर मात्र ते ढुंकूनही बघत नव्हते. परजीवीसारखा दिसतो तो तपकिरीच.