आलो की आले?

मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हटल्यावाचून साधे घरी पोचल्याचेही सांगता येत नाही. माझ्या घरच्या उर्दूतही 'आया' की 'आयी' हे ठरवावेच लागते. फारसीत मात्र 'तो' आणि 'ती' या दोघांना 'ऊ' हा एकच शब्द पुरतो. आपले क्रियापद पहिल्याच वाक्यात विचारते, तू कोण? ज्यांचे मनातले उत्तर लोकांनी ठरवलेल्या उत्तराशी जुळत नाही, त्यांना हा प्रश्न दिवसातून शंभरदा सोसावा लागतो.

तो समजून घ्यायचा तर तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, देह. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या जननग्रंथी सारख्याच असतात. पुढे बहुधा 'वाय' गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे वृषण घडू लागतात. ते जनुक नसेल तर सहसा बीजांडकोश घडतात. हे जनुक १९९० मध्ये सापडले. काही बाळांत गुणसूत्रे, संप्रेरके आणि अवयव यांचा नेहमीचा मेळ बसत नाही. त्यांना आंतरलिंगी म्हणतात. तृतीयपंथी असणे ही त्याहून निराळी बाब आहे.

दुसरी, भूमिका. कुणी काय नेसावे, कुणी रडावे, कुणी कमवावे, हे समाज ठरवतो आणि बदलतोही. बालगंधर्वांचे नेसणे-सजणे पाहून घरंदाज स्त्रिया तशा सजत. पण पडदा पडला की ते नारायणराव राजहंसच असत. भूमिका उतरवून ठेवता येते.

तिसरी, स्वतःची ओळख. ती उतरवता येत नाही. कॅनडात १९६५ साली जुळे मुलगे जन्मले. सुंतेच्या वेळी अपघात होऊन त्यातल्या एकाचे इंद्रिय गेले. तज्ज्ञाच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवले. ते त्याला कधीच मानवले नाही. चौदाव्या वर्षी खरे कळताच तो मुलगा म्हणून जगू लागला आणि त्याने डेव्हिड हे नाव घेतले. एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही. पण नुसत्या संगोपनाने ओळख घडवता येते, या समजाला त्याने मोठा धक्का दिला. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा काही वाटा दिसतो. मात्र एकच एक कारण विज्ञानाने सांगितलेले नाही.

इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने हिजड्यांची नोंद संशयितांसारखी केली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तृतीय लिंग म्हणून मान्यता दिली. मधल्या १४३ वर्षांत कितीतरी मुलांनी घर सोडले, ते बहुधा घरातल्यांच्याच बोलण्यामुळे.

कायदा न्यायालयात बदलतो. घरातली भाषा आपल्या हातात असते. दारातले आपले मूल 'मी आले' म्हणाले, तर 'आलीस? ये, जेवून घे' असे म्हणायला मराठीचे व्याकरण आड येत नाही.