हातावरचे पोट घरात बसत नाही

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागली, तेव्हा परभणीत आमच्या कापड दुकानात ईदचा माल येऊन पडला होता. ईद २५ मेची. वर्षाचा मोठा धंदा याच दिवसांत होतो, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. शटर पडले, तागे घडीवरच राहिले. तरीही मी घरात बसू शकलो. घरात धान्य होते, बँकेत थोडी शिल्लक होती.

बऱ्याच सरकारी नोकरांचा मार्चचा पगार त्या वर्षी दोन टप्प्यांत निघाला; पण निघाला. ज्यांची रोजी रोजची, त्यांचे काय? ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे मजूर मध्य प्रदेशातील गावी जाण्यासाठी भुसावळकडे पायी निघाले होते आणि थकून रुळांवरच झोपले. तोच रेल्वेमार्ग आमच्या परभणीवरून जातो.

रोगानेही हाच फरक दाखवला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासले गेले. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे आढळले, इतर वस्तीत सुमारे १६ टक्के. दाटीची घरे, सार्वजनिक संडास ही कारणे आहेतच. पण कामासाठी बाहेर पडावे लागणारे लोकही त्याच वस्त्यांत जास्त राहतात, हे कोण नाकारील?

आता घरचा हिशेब सांगतो. आमच्या दुकानाचे काम करणारा शिंपी नगावर शिलाई घेई. दुकान बंद, तर शिलाई बंद. एप्रिलमध्ये तो भाजीचा गाडा ढकलताना दिसला. भाजी अत्यावश्यक होती, कापड नव्हते. म्हणजे कायद्यानेच त्याला मशीनवरून उठवून रस्त्यावर आणले म्हणा ना. मी म्हणालो, "मास्टर, घरी थांबा." तो म्हणाला, "थांबतो सेठ, महिन्याची शिलाई आगाऊ द्या."

मी अर्धी दिली. माल अडकला होता, ठोकवाल्याचे देणे होते, ही माझी कारणे. त्याने पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी गाडा पुन्हा काढला.

दुकान उघडल्यावर मी निरोप धाडला. तो आला नाही. वीस वर्षांचा हात होता. त्याच्या मापाचा कुर्ता मागणारी गिऱ्हाइके अजून विचारतात.