कुंभाराचे चाक, थापटणे आणि यंत्र

पणती, सुगड, माठ व रांजण या वस्तू ग्रामीण मुलांच्या नित्य परिचयाच्या असतात. परंतु पाण्यात विरणारी माती पाणी साठविणारे भांडे कशी होते, हा प्रश्न त्यांच्या मनात सहसा उद्भवत नाही. शिक्षकाने तो उत्पन्न करावा. कुंभाराच्या प्रत्येक कृतीस कारण असते. ते कारण उमगले म्हणजे यंत्राने या धंद्यात काय बदलले आणि काय बदलले नाही, हेही मुलांस समजते.

ही विद्या महाराष्ट्रात प्राचीन आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे ३००० वर्षांपूर्वीची, तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली चाकावरची भांडी मिळाली. त्यांच्यासोबत हाताने घडविलेली जाड भांडी व कुंभाराची भट्टीही आढळली. इतिहासाच्या पाठात या स्थळाचा उल्लेख अवश्य करावा.

पहिले काम मातीच्या तयारीचे. नुसती चिकणमाती वाळताना फार आकसते आणि तडकते. म्हणून खडे वेचून ती भिजवितात व तीत राख, लीद यांसारखे पदार्थ मिसळतात. लिदीतील तंतू ओल्या मातीस धरून ठेवतात आणि भाजताना जळून जाऊन सूक्ष्म छिद्रे मागे ठेवतात. या छिद्रांतून पाझरलेले पाणी माठाच्या पृष्ठावर येऊन वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते व पाणी गार होते. माती तुडवून व मळून तिच्यातील हवा काढली जाते, जेणेकरून भांडे घडविताना अडथळा येत नाही.

यानंतर चाक. कुंभाराचे चाक जड असते व त्याचे बरेचसे वजन काठाशी असते. काठीने जोराने फिरविल्यावर ते जडत्वामुळे बराच वेळ आपोआप फिरत राहते. तेवढ्या अवधीत भांडे उठवावयाचे असते. गोळा मध्यावर बसला नाही तर भांडे डगमगते. फिरणारी माती बाहेर पसरू पाहते. बाहेरचा हात तिला आवरतो, आतला हात तिला वर नेतो, आणि तयार आकार दोऱ्याने कापून उतरविला जातो.

चाकावरून उतरलेल्या घागरीचे अंग जाड असते. ती थोडी सुकल्यावर कुंभार आतून दगडी किंवा भाजलेल्या मातीचा गुंडा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकतो. चिकटू नये म्हणून राख लावतो. या ठोकण्याने अंग पातळ होते, मातीचे कण दाबले जातात व पोट गोल होते. गोरोबाकाकांनी संतांची डोकी तपासली ती याच थापटण्याने, अशी परंपरागत कथा आहे. कुंभार आजही भांडे वाजवूनच पारखतो. नीट भाजलेले भांडे खणखणीत वाजते. कच्च्या वा तडकलेल्या भांड्याचा आवाज बद्द येतो.

शेवटी भाजणी. भांडी पूर्ण वाळवूनच आव्यात रचतात. ओल राहिली तर तिची वाफ होऊन भांडे फुटते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापताना मातीच्या घडणीतच बांधलेले पाणी निघून जाते. मग ती भिजविली तरी पुन्हा चिखल होत नाही. भरपूर हवा मिळाल्यास मातीतील लोहामुळे भांडे तांबडे होते. हवा कोंडून धूर केल्यास काळे होते.

आता यंत्राविषयी. विजेच्या चाकास काठी लागत नाही, वेग हवा तसा ठेवता येतो आणि खांद्यांवरचा व कमरेवरचा ताण कमी होतो. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ साली कुंभार सशक्तीकरण कार्यक्रम सुरू करून अशी चाके व प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. माती मळण्याचेही यंत्र असते. कारखान्यात तर पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओततात; साचा पाणी शोषून घेतो व एकसारखे कप तयार होतात. यंत्राने श्रम वाचविले. परंतु माती किती मऊ असावी, भांडे केव्हा वाळले, आवा केव्हा विझू द्यावा, हा निर्णय कुंभाराच्या जाणत्या हाताकडेच राहिला आहे.

वर्गात एक प्रयोग करावा. मळलेल्या मातीची पट्टी करून तीवर बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात. पट्टी सावलीत वाळवून अंतर पुन्हा मोजावे आणि किती घटले ते मुलांस वहीत लिहावयास सांगावे. आव्याजवळ मात्र मुलांस जाऊ देऊ नये.

शक्य तेथे गावच्या कुंभारास वर्गात सन्मानाने बोलवावे व एक तास त्यांच्या हाती सोपवावा. कुंभाराचे मूल त्या वर्गात असेल, तर मातीने भरलेल्या हातांची त्यास लाज वाटत असणे अशक्य नाही. आपल्या वडिलांच्या कामात विज्ञान आहे, हे त्याने सर्वांसमक्ष गुरुजींच्या तोंडून ऐकावे. त्या तासाचे हे फळ पट्टीवरील मोजमापाहून मोठे होय.