संगणकावर चित्रफीत पाहताना आवाज अडखळण्याची समस्या : कारणमीमांसा, निदान व उपाययोजना

प्रस्तावना

चित्रफीत हे आता अध्यापनाचे नित्याचे साधन झाले आहे. २०१७ मध्ये 'स्वयम्' हे शासकीय अध्ययनपीठ सुरू झाले. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने लहान गावांतील महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. या व्याख्यानांचा लाभ घेताना वारंवार आढळणारी अडचण म्हणजे चित्र सुरळीत दिसत असताना आवाज तुटक येणे, मध्येच 'टक्' असा ध्वनी उमटणे किंवा शब्दांचे तुकडे होणे. अशा वेळी बहुधा स्पीकर बदलले जातात, संगणक कालबाह्य ठरविला जातो, किंवा विद्यार्थी ते व्याख्यान अर्ध्यावर सोडून देतात. पहिल्या दोन निर्णयांत पैसा वाया जातो आणि तिसऱ्यात शिक्षण. वस्तुतः या दोषाचे मूळ स्पीकरमध्ये क्वचितच असते, आणि अनेकदा काहीही खर्च न करता तो दूर होतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) आवाज अखंड ऐकू येण्यामागील यंत्रणा स्पष्ट करणे.
२) दोषाचे निदान करण्याची क्रमबद्ध पद्धती मांडणे.
३) प्रमुख कारणे व त्यांवरील उपाय सांगणे.

चित्र टिकते, आवाज का तुटतो?

संगणकातील ध्वनी म्हणजे संख्यांची एक लांबलचक मालिका होय. चित्रफितीतील ध्वनीसाठी सामान्यतः दर सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि ध्वनी दोन वाहिन्यांचा असेल, तर दर सेकंदाला १,९२,००० बाइट इतकी माहिती ध्वनियंत्रणेस मिळावी लागते. आजच्या संगणकाच्या दृष्टीने हे प्रमाण अल्प आहे. मात्र ही माहिती नेमक्या वेळी मिळणे अत्यावश्यक असते.

यासाठी 'बफर' नावाची तात्पुरती साठवण वापरली जाते. गावातील पाण्याच्या टाकीशी तिची तुलना करता येईल. नळ सतत वाहतो, टाकी मात्र अधूनमधून भरली जाते. भरण्यास उशीर झाला आणि टाकी रिकामी झाली, तर नळ थांबतो. त्याचप्रमाणे प्रोसेसरने बफर वेळेवर भरला नाही, तर ध्वनीत खंड पडतो. १० मिलिसेकंदांच्या बफरमध्ये प्रत्येक वाहिनीचे अवघे ४८० नमुने मावतात. यावरून वेळेचे महत्त्व लक्षात यावे.

चित्राच्या बाबतीत परिस्थिती वेगळी असते. दर सेकंदाला २५ चौकटी दाखविल्या जात असतील, तर प्रत्येक चौकट ४० मिलिसेकंद पडद्यावर राहते. एखादी चौकट गळाली तर आधीचीच चौकट थोडा अधिक काळ दिसते व डोळ्यास ते सहसा जाणवत नाही. कानास मात्र तेवढाच खंड लगेच कळतो. मराठीतील 'पळ' आणि 'फळ' या शब्दांतील भेद ज्या महाप्राण उच्चारावर अवलंबून आहे, तो उच्चार शंभर मिलिसेकंदांहूनही कमी काळात संपतो. खंड नेमका तेथे पडल्यास शब्दच बदलतो. भाषेच्या विद्यार्थ्यास व केवळ श्रवणावर विसंबून शिकणाऱ्या दृष्टिबाधित विद्यार्थ्यास ही हानी सर्वाधिक जाणवते.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा. ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ न बसणे हा निराळा दोष असून त्याची कारणेही वेगळी असतात. या लेखात केवळ आवाजात खंड पडण्याचा विचार केला आहे.

निदानाची पद्धती

निदान करताना एका वेळी एकच घटक बदलावा. एकाच वेळी ड्रायव्हर, प्लेअर आणि हेडफोन बदलल्यास दोष जाईलही, परंतु तो कशामुळे गेला हे कळणार नाही व तो पुन्हा उद्भवल्यास सर्व प्रयत्न नव्याने करावे लागतील. पुढील पाच चाचण्या या क्रमाने कराव्यात.

१) केवळ ध्वनी असलेली फाइल, उदाहरणार्थ एखादे गीत, त्याच संगणकावर ऐकावे. तीही अडखळत असेल तर दोष ध्वनियंत्रणेत किंवा ड्रायव्हरमध्ये संभवतो. ती सुरळीत चालत असेल तर चित्र उलगडण्याच्या भाराकडे लक्ष वळवावे.

२) तीच चित्रफीत दुसऱ्या संगणकावर लावावी. तेथेही त्याच क्षणी आवाज तुटत असेल, तर दोष मूळ फाइलमध्ये किंवा मुद्रणात आहे. अशा वेळी यंत्रातील दुरुस्ती व्यर्थ ठरते.

३) चित्रफीत पेनड्राइव्हवर असेल तर ती हार्डडिस्कवर उतरवून घ्यावी आणि आंतरजालावर असेल तर शक्य तेथे ती डाउनलोड करून पाहावी. आवाज सुधारल्यास अडचण माहिती पोहोचण्याच्या वेगात होती, असे मानता येते.

४) बिनतारी हेडफोनऐवजी तारेचा हेडफोन जोडावा.

५) व्हीएलसीसारख्या दुसऱ्या प्लेअरमध्ये तीच फाइल चालवावी. दोष नाहीसा झाल्यास पहिल्या प्लेअरची रचना किंवा त्यातील कोडेक कारणीभूत असतो.

दोष केव्हा उद्भवतो याचीही नोंद ठेवावी. आवाज आरंभापासून तुटणे आणि पंधरा-वीस मिनिटांनंतर तुटू लागणे, ही दोन भिन्न कारणांची लक्षणे आहेत.

प्रमुख कारणे व उपाय

अ) प्रोसेसरवरील भार : चित्रफिती आकुंचित स्वरूपात साठविलेल्या असतात व पाहताना त्या उलगडाव्या लागतात. एच.२६४ हे प्रमाण २००३ मध्ये, एच.२६५ हे २०१३ मध्ये व एव्ही१ हे २०१८ मध्ये आले. नव्या प्रमाणांत फाइल लहान होते, परंतु ती उलगडण्याचे श्रम वाढतात. जुन्या संगणकात यासाठी स्वतंत्र यंत्रणा नसल्यास सर्व भार प्रोसेसरवर पडतो. चित्रफीत चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावे. प्रोसेसरचा वापर सतत शंभर टक्क्यांच्या जवळ असेल, तर कारण स्पष्ट होते. अशा वेळी इतर प्रोग्राम बंद करावेत, प्लेअरमधील हार्डवेअर डीकोडिंगचा पर्याय सुरू करावा, किंवा चित्रफितीचे एच.२६४ मध्ये रूपांतर करून घ्यावे. १९२० × १०८० ऐवजी १२८० × ७२० आकार निवडल्यास प्रत्येक चौकटीतील बिंदू २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर येतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी होतात.

आ) उष्णता व वीजबचत : पंख्यात धूळ साचल्यास प्रोसेसर तापतो व स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतो. काही काळाने आवाज तुटू लागणे हे याचे लक्षण होय. संगणक बंद करून पंखा व हवेचे मार्ग स्वच्छ करावेत. लॅपटॉप केवळ बॅटरीवर असतानाच दोष दिसत असेल, तर वीजबचतीची योजना बदलावी.

इ) ड्रायव्हरमुळे होणारा विलंब : प्रोसेसरचा वापर अल्प असूनही आवाज तुटतो, तेव्हा हे कारण संभवते. हार्डवेअरची तातडीची कामे ड्रायव्हर इतर कामांच्या आधी करून घेतात. एखाद्या सदोष ड्रायव्हरने त्यासाठी अधिक वेळ घेतला, तर तेवढा काळ ध्वनीचा बफर भरणारा प्रोग्राम ताटकळतो. दोष ध्वनीच्या ड्रायव्हरमध्येच असेल असे नाही. वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हरही दोषी असू शकतो. वाय-फाय काही काळ बंद करून पाहणे ही सोपी चाचणी आहे. विंडोजवर लेटन्सीमॉन या साधनाने विलंब करणारा ड्रायव्हर शोधता येतो. ड्रायव्हर संगणकाच्या उत्पादकाकडूनच घ्यावा. अलीकडे अद्ययावत केल्यानंतर दोष सुरू झाला असल्यास मागील आवृत्तीकडे परतावे.

ई) ध्वनीची मांडणी : विंडोजच्या ध्वनिविभागात आवाज 'सुधारण्यासाठी' एन्हान्समेंट्स दिलेल्या असतात. त्या प्रत्येक नमुन्यावर अधिकची प्रक्रिया करतात. त्या बंद करून पाहाव्यात, तसेच ध्वनीचे स्वरूप १६ बिट, ४८,००० हर्ट्झ असे ठेवून पाहावे.

उ) बिनतारी जोडणी : ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते आणि वाय-फायचा एक प्रमुख पट्टाही तोच आहे. शिवाय यूएसबी ३.० उपकरणांमुळेही या पट्ट्यात व्यत्यय येतो. शक्य तेथे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावे आणि बाह्य हार्डडिस्क ब्लूटूथच्या ग्राहकापासून दूर ठेवावी.

एक बोधक उदाहरण

२००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपी प्रणालीतील एक प्रसिद्ध प्रकरण येथे उद्बोधक ठरते. हार्डडिस्कवरील माहिती प्रोसेसरला न गुंतविता थेट स्मृतीत नेण्याची डीएमए ही पद्धत या प्रणालीत वापरली जात असे. माहितीच्या वहनात वारंवार त्रुटी आढळल्यास प्रणाली स्वतःहून पीआयओ या जुन्या व संथ पद्धतीकडे वळत असे. त्या पद्धतीत माहिती वाहण्याचे काम प्रोसेसरलाच करावे लागे. परिणामी कालपर्यंत उत्तम चालणाऱ्या संगणकावर अचानक आवाज तुटू लागे. वापरकर्ता साउंड कार्डला दोष देई, तर कारण हार्डडिस्कच्या जोडणीत असे. डिव्हाइस मॅनेजरमधून संबंधित वाहिनीची नोंद काढून संगणक पुन्हा सुरू केला की प्रणाली ती वाहिनी नव्याने ओळखे व डीएमए पूर्ववत होई. मात्र केबल सदोष असल्यास ती बदलेपर्यंत दोष पुन्हा परते. एक्सपीसाठीचे उत्पादकाचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले, तरी या प्रकरणाचा बोध कायम आहे : दोष जेथे ऐकू येतो, तेथेच त्याचे मूळ असते असे नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, आवाज अडखळणे हा मूलतः वेळेचा दोष आहे. माहिती कमी पडत नाही, ती उशिरा पोहोचते. हा उशीर साठवणीत, जाळ्यात, प्रोसेसरमध्ये, ड्रायव्हरमध्ये अथवा बिनतारी जोडणीत होऊ शकतो. पाच साध्या चाचण्यांनी त्याचे स्थान बहुधा निश्चित करता येते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत प्रत्येक संगणकासाठी एक लहान नोंदवही ठेवून लक्षण, केलेला बदल व परिणाम लिहिल्यास पुढील निदान अधिक सुकर होईल. नवीन खरेदीचा प्रस्ताव या चाचण्यांनंतरच करावा. मर्यादित निधी असलेल्या संस्थेत त्यातून वाचणारी रक्कम ग्रंथालयाच्या किंवा दृष्टिबाधित विद्यार्थ्यांच्या श्रवणसाहित्याच्या कामी येऊ शकेल.