गोगलगाय अन् पोटात पाय

वरून गरीब आणि आतून बेरकी अशा माणसाला आपण ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणतो. ही म्हण ज्याने प्रथम केली, त्याने गोगलगाय उलटी करून नीट पाहिली असली पाहिजे. कारण शास्त्रज्ञांनी या प्राण्यांच्या वर्गाला दिलेले ‘गॅस्ट्रोपोडा’ हे नावही ‘पोटपाय’ याच अर्थाचे आहे!

गोगलगाय ही मृदुकाय प्राण्यांपैकी एक. या प्राण्यांच्या अंगात हाडे नसतात. शरीर मऊ, खाली स्नायूंचा पाय आणि अंगावर ‘प्रावार’ नावाचा पातळ पडदा. हा पडदा चुन्याचे द्रव्य पाझरवतो व त्याचे कवच बनते. प्राणी वाढतो तसे कवचाच्या कडेला नवे थर चढतात. म्हणून सापाच्या कातीप्रमाणे हे घर टाकावे लागत नाही.

विष्णुपुरीला गोदावरीचे पाणी ओसरले, की वाळूत शिंपले सापडतात. शिंपल्याला दोन झडपा असतात, डोके मात्र नसते. तो पायाने वाळूत रुततो आणि कल्ल्यांतून पाणी गाळून त्यातील सूक्ष्म अन्न खातो. गोगलगाईचे कवच एकच, पण पिळाचे. देवघरातला शंख आणि सारीपाटाची कवडी ही तिच्याच समुद्रातल्या नातलगांची घरे होत. माखलीचे कवच अंगाच्या आत असते. वैद्य ज्याला समुद्रफेस म्हणतात तेच ते. अष्टपादाने तर कवच टाकूनच दिले आहे.

हे सारे मला पुस्तकी वाटले असते. पण 2022 च्या पावसाळ्यात लातूर-बीड भागात गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा मी शाळेत होते. आमच्याही शेतात दुबार पेरणी झाली. आजी म्हणाली, “हिला गाय कोण म्हनलं गं? हिनं तर आपलंच रान चरलं!”

ही शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेची. 1847 साली ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली. तिच्या जिभेवर कानशीसारखे बारीक दात असतात. प्रत्येक गोगलगाय नर व मादी दोन्ही असते आणि एका खेपेला शंभराहून अधिक अंडी मातीत घालू शकते. पण तिची उघडी कातडी उन्हात सुकते. म्हणून ती दिवसा दडते व रात्री चरते. हे कळले, की उपायही कळतो. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाजवळ पसरावीत, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मात्र हे एकट्याने करून भागत नाही, सगळ्या शिवाराने मिळून करावे लागते.

तिचा पाय पोटात आहे हे म्हणीने आपल्याला केव्हाच सांगितले होते. ती रात्री कुठे जाते, हे पाहणे तेवढे आपण विसरलो होतो.